उत्तर नाही

पत्र सोमवारी दुपारी अपोलोनियाच्या दारात आलं.

आणलं ल्युडेके गाडीवानानं. पिंपांच्या गाडीवरून खालीसुद्धा न उतरता त्यानं ते पुढे केलं आणि सगळ्या एर्लेनग्रुंड गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पाद्रीणबाई, तुमच्या मालकांचं. बुधवारी सकाळी मी परत शहराला निघतो. उत्तर घेऊनच ये म्हणालेत. दोनदा बजावलंय." समोर घंटेच्या मनोऱ्याखाली योब्स्ट झाडत होता. हा योब्स्ट देवळाची घंटा वाजवायचा आणि गावातल्या मुलग्यांना शिकवायचा. त्यानं झाडायचं थांबवलं आणि पत्राकडे असं पाहिलं की जणू त्यालाच आलंय. अपोलोनियानं ते झटकन चोळीत घातलं, गाडीवानाला बिअरचा पेला दिला आणि घरात येऊन कडी लावली.

खिडकीपाशी बसून तिनं लाख फोडली. चौदा ओळी होत्या. तिला त्यातला एक शब्दही वाचता येईना.

आता कुणी म्हणेल, पाद्र्याची बायको आणि वाचता येत नाही? येत होतं हो! छापलेलं काहीही पुढे ठेवा, स्तोत्रं ठेवा, धर्माची प्रश्नोत्तरी ठेवा, जाडजूड बायबल ठेवा, ती न अडखळता वाचायची. पण छापील अक्षर वेगळं आणि हातानं लिहिलेलं वेगळं. छापील अक्षरं कशी शहाण्या मुलांसारखी सुटी सुटी उभी राहतात. हाताचं अक्षर म्हणजे नुसती एकमेकांत अडकलेल्या लोखंडी आकड्यांची माळ. ती सोडवायची कशी हे अपोलोनियाला कुणी शिकवलंच नव्हतं. तिला शिकवलं कुनिगुंडेबाईंनी. त्या एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या विधवा, शहरात कसायांच्या आळीत मुलींची शाळा चालवायच्या. वाचन, पाठांतर, सूतकताई, आणि बोलताना मान खाली. लेखणीला मुलींनी हात लावला की कुनिगुंडेबाईंची छडी बोटांवर बसायची. "वाचाल तर देवाचं ऐकाल," त्या म्हणायच्या, "लिहाल तर कुणाकुणाला काय काय ऐकवाल!" आणि जिला लिहायला शिकवलं नाही तिला लिहिलेलं तरी कुठून वाचता येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

योआखिम पाद्री जेव्हा तिला बघायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला होता. वाचता येतं का? तिनं हो म्हटलं. त्यानं स्तोत्रांचं पुस्तक पुढे केलं, तिनं वाचून दाखवलं, आणि तो माणूस चक्क रडला. त्याची पहिली बायको डोरोथेआ जाऊन वर्ष झालं होतं. ती पाद्र्याचीच मुलगी, वाचायची, लिहायची, नवरा तापानं पडला की बाप्तिस्म्याच्या नोंदी स्वतःच्या हातानं करायची. "देवाची कृपा," तो म्हणाला, "माझ्या घरात पुन्हा वाचणारी बाई आली." त्या वेळी तिच्यासारख्या कसायाच्या मुलीनं काय म्हणायला हवं होतं? की साहेब, मला अर्धंच येतं? तिनं मान खाली घातली. त्यानं तो विनय समजला.

तीन वर्षं ती झाकली मूठ तिनं सांभाळली. त्यानं कागद पुढे केला की तिचे हात नेमके पिठात असायचे. चुलीचा धूर डोळ्यांत जायचा. "अहो, तुम्हीच वाचा ना मोठ्यानं," ती म्हणायची, आणि तो आनंदानं वाचायचा. गावातल्या बायका येता जाता आधीच्या बाईंचं नाव काढायच्या. आधीच्या बाईंनी आमच्या लेकाला कसं पत्र लिहून दिलं होतं, आधीच्या बाईंचं अक्षर कसं मोत्यासारखं. अपोलोनिया हसून ऐकायची आणि आत जाऊन भांडी घासायची, जरा जोरातच.

पण आजचं पत्र तिला वाचून कोण दाखवणार? आणि हे पत्र म्हणजे काही मावशीच्या तब्येतीचं नव्हतं. त्यात त्यांचं घर होतं.

झालं होतं ते असं. बाप्तिस्मा देताना पाण्याआधी पाद्र्यानं लेकराच्या अंगातल्या सैतानाला निघून जा असं दरडावायचं, ही जुनी चाल. योआखिमला ती पटत नव्हती. आधीच्या राजानं ते वाक्य गाळायची मुभा दिली तेव्हा त्यानं ते आनंदानं गाळलं, आणि वर ईस्टरला त्यावर एक प्रवचनही ठोकलं. मग राजा मेला. नवे कारभारी आले, हुकूम फिरला, आणि जे कालपर्यंत चाललं ते आज पाखंड झालं. शेजारच्या गावच्या पाद्र्याला गेल्याच महिन्यात काढलं. गाडीवर पाळणा, पाळण्यात कोंबड्या, मागून पाच पोरं चिखलातून चाललेली, असं ते कुटुंब अपोलोनियाच्या दारावरून गेलं होतं. तिनं त्यांना पाव दिला होता. त्या बाईनं घेताना वर पाहिलंही नाही. आता योआखिमला शहरात बोलावलं होतं. असं शिकवल्याचा पुरावा मिळाला तर दोनच वाटा. मी चुकीचं शिकवलं अशा कबुलीवर सही कर, नाहीतर नाताळच्या आत घर सोड. घर कुणाचं? पाद्र्याच्या जागेचं. अपोलोनियाला चौथा महिना होता.

तक्रार केली होती योब्स्टनं. त्याला दुष्ट म्हणावं तर तसंही नव्हतं. त्याच्या नातवाला, छोट्या फाइटला, योआखिमनं सैतान न काढताच बाप्तिस्मा दिला, आणि सहा महिन्यांनी त्या पोराला झटके येऊ लागले. डोळे फिरवून निळा पडायचा. योब्स्टनं दोन आणि दोन जोडले. त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तरी काय केलं असतं?

मंगळवारी सकाळी तोच दारात उभा राहिला. आत सात मुली टेबलाभोवती बसून प्रश्नोत्तरी वाचत होत्या. अपोलोनिया आठवड्यातून चार दिवस त्यांना शिकवायची, कुनिगुंडेबाईंनी तिला शिकवलं तसंच, छडी सोडून.

योब्स्टनं टोपी काढली. पाद्रीबाबांचं पत्र आलं म्हणे, ठीक आहेत ना, असं विचारलं. तिनं ठीक आहेत म्हणून सांगितलं.

"परवा, गुरुवारी तपासनीस यायचेत. त्यांनी कळवलं असेलच."

तिला हे आत्ताच कळत होतं. तिनं मान हलवली.

"हाताचं अक्षर बायकांना जड जातं," योब्स्ट म्हणाला. "वाचून हवं असेल तर सांगा. मी काही तुमचा वैरी नाही."

"मला नाही जड जात, योब्स्टकाका," ती म्हणाली. मुलींच्या माना वर झाल्या होत्या. "फाइट कसा आहे?"

त्याचं तोंड उतरलं. रविवारी पुन्हा दोनदा आला झटका, म्हणाला, आणि टोपी घालून गेला. ती दाराला टेकून उभी राहिली. चोळीतल्या कागदाचा कोपरा बरगडीला टोचत होता. काय असेल त्यात? सामान बांध? की बांधू नको? कुणाकडे जा? की नुसतंच मी बरा आहे? नुसतं तेवढंच असतं तर उत्तरासाठी दोनदा बजावलं असतं का? आणि एवढं करून स्वतःच्या तोंडानं योब्स्टला नाही म्हणून बसली. घ्या आता!

त्या दिवशी एक गोष्ट घडली. घडवली मुलींनीच. धाकटी ग्रेटा वाचताना बोट पुस्तकावर ठेवायची, पण डोळे छताकडे. अपोलोनियानं तिला पकडलं. "तू वाचत नाहीस, पाठ म्हणतेस." ग्रेटा म्हणाली, "पाठ आहे म्हणूनच तर कळतं ना बाई, कुठला शब्द कुठे आहे ते." बाकीच्या हसल्या. अपोलोनिया हसली नाही. तिनं त्या दिवशी शाळा लवकर सोडली.

पाद्र्याच्या घरात एक रीत असते. रविवारी जेवताना बायकोनं, गड्यांनी, मोलकरणींनी त्या दिवशीचं प्रवचन परत म्हणून दाखवायचं. अपोलोनियाला भीती अशी की अडलं तर नवरा कागद पुढे करेल आणि बघ म्हणेल. म्हणून ती देवळात एकेक शब्द गिळून घ्यायची. तीन वर्षांची प्रवचनं तिच्या डोक्यात शेंगेतल्या दाण्यांसारखी भरलेली होती. आणि सगळ्यांत पक्कं कुठलं? तेच, ईस्टरचं, ज्यानं घात केला. ते असलेली वही नवऱ्याच्या मेजावर होती, निळ्या कागदाचं वेष्टन घातलेली. कुठली ते माहीत होतं, कारण तिनंच वेष्टन घातलं होतं.

तिनं वही उघडली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तोंडानं म्हणू लागली. "आईच्या कुशीतून आत्ताच आलेल्या लेकराच्या तोंडावर सैतानाचं नाव कशाला घ्यायचं?" प्रत्येक शब्दाला एक जागा. हा आकडा म्हणजे अमुक, ही गाठ म्हणजे तमुक. लेकरू हा शब्द पहिल्या पानावर नऊ वेळा होता, तो तिनं आधी धरला. मग सैतान. मग आई. चुलीवर वाटाणे करपले. दिवेलागणीपर्यंत तिनं दोन पानं सोडवली आणि मग पत्र काढलं.

पहिल्याच ओळीत तिला तिचं नाव दिसलं. कधी लिहिलेलं पाहिलं नव्हतं तिनं ते. एवढं लांब असतं आपलं नाव! तिला रडू आलं, आणि रडण्यात वेळ गेला म्हणून स्वतःचा रागही आला.

बुधवारी सकाळी तिच्या हाती दीड ओळ होती. तो बरा आहे. कोंडलेला नाही, पण बाहेर जाऊ देत नाहीत. आणि दारात ल्युडेकेची गाडी.

"उत्तर?" तो म्हणाला.

"नाही."

"पाद्रीणबाई, एक शब्द तरी खरडा. मी नुसतेच हात हलवत गेलो तर ते मला काय म्हणतील?"

त्याच्या बोलण्यात मस्करी आहे की काळजी, हे तिला कळेना. गल्लीतल्या दोन बायका पाण्याच्या बादल्या खाली ठेवून ऐकत होत्या. शाई मेजावर होती, लेखणी होती, कागद होता. हात नव्हता. छापील अक्षर पाहून काढावं, तर ते बघून गाडीवान काय म्हणेल, नवरा काय म्हणेल? पाच वर्षांच्या पोराला लाज वाटेल असं काहीतरी. आणि काय लिहायचं, मूळ पत्रच वाचलेलं नसताना?

"सांगा, मी बरी आहे," ती म्हणाली. "उत्तर नाही."

ल्युडेकेनं खांदे उडवले आणि घोड्याला हाक दिली. गाडी ओढ्यापलीकडे जाईपर्यंत ती दारात उभी होती. आपण काहीतरी फार मोठी चूक केली असं तिला वाटत होतं, पण कुठली ते सांगता येत नव्हतं.

तो सगळा दिवस ती मेजावरून उठली नाही. मुलींना दारातूनच परत पाठवलं. ओळीमागून ओळ चिकट पिठासारखी हळूहळू सुटत गेली. योआखिमचं अक्षर उजवीकडे झुकायचं, घाईत शेपूट लांब जायची, हे तिला आता कळू लागलं होतं. गुरुवारी तपासनीस घरी येतील, हे वाचलं. ते माझे कागद बघतील, हे वाचलं. मग एक शब्द अडला तो अडलाच. तो वहीत कुठेच नव्हता. तिनं त्याच्यावर संध्याकाळ घालवली, तो सोडून पुढे गेली, परत आली. गुरुवारी उजाडल्यावर, बिअरचं सूप ढवळताना, तिच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. चूल. तो शब्द चूल होता. प्रवचनात चूल कुठून येणार?

निळ्या वेष्टनाची वही चुलीत घाल. ती सापडली नाही तर त्यांच्याकडे योब्स्टच्या शब्दाशिवाय काही नाही.

दहा ओळी झाल्या होत्या. चार राहिल्या होत्या. रस्त्यावर घोड्यांचे आवाज येत होते.

अपोलोनियानं वही हातात घेतली. देवाशप्पथ, तिला ती जाळवेना. नवऱ्याचे विचार जळतील म्हणून नव्हे, ते तर तिला तोंडपाठ होते. पण आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी काहीतरी पुरतं शिकवत होतं, आणि ती शाळा ही वही होती. उरलेल्या चार ओळी आता कशावरून सोडवायच्या? पण घोडे जवळ येत होते. तिनं पानं फाडून चार चार करून विस्तवावर टाकली. वेष्टन शेवटी. त्याच्या खळीचा घाण वास सुटला, म्हणून तिनं कांदा चिरून तव्यावर टाकला. पत्र पुन्हा चोळीत घातलं. दारावर थाप पडली तेव्हा तिच्या बाहीवर राख होती.

तपासनीस म्हणजे डॉक्टर ब्रेंडेल, दाढीवाले, सर्दीनं बेजार, आणि त्यांचा कारकून. मागे योब्स्ट. डॉक्टर आले ते थेट चुलीशी गेले आणि हात शेकत उभे राहिले. अपोलोनियानं तव्यावरचा कांदा उगाच हलवला.

त्यांनी सगळं घर पाहिलं. मेज, पेट्या, गाद्यांखाली, पिठाच्या कणगीत सुद्धा. मग बसले आणि तिची परीक्षा घेतली. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, संस्कार किती आणि कुठले. तिनं सगळं सांगितलं. शाळेचं विचारलं. मुलींना वाचायला शिकवतेस? हो. लिहायला? नाही.

"बरंच आहे," डॉक्टर नाक पुसत म्हणाले. "वाचणं जिवाच्या तारणासाठी. लिहिण्याचा बायकांना उपयोग काय?" कारकुनानं तेही टिपून घेतलं.

मग त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. तुझ्या नवऱ्याचं ईस्टरचं प्रवचन यात आहे असं योब्स्ट म्हणतो. वाच, आणि तो असं बोलला की नाही ते सांग.

तिनं कागद घेतला. एक अक्षरही ओळखीचं नव्हतं. सगळी अक्षरं ताठ, टोकदार, कोंबड्या चालून गेल्यासारखी. तीन दिवसांत शिकलेलं सगळं कुठे गेलं? मग तिच्या ध्यानात आलं की ते कुठेच गेलेलं नाही. तिला हाताचं अक्षर येतच नव्हतं. तिला एकाच हाताचं अक्षर येत होतं.

"साहेब," ती म्हणाली, "मला छापलेलं वाचता येतं, आणि माझ्या नवऱ्याच्या हातचं. हे त्यांच्या हातचं नाही."

तीन वर्षं जी गोष्ट तिनं नवऱ्यापासून लपवली ती तीन परक्या पुरुषांसमोर बोलून गेली. कारकुनानं मेजावरचा योआखिमचा एक कागद उचलून तिच्यापुढे धरला. तिनं अडखळत दोन ओळी वाचल्या. डॉक्टर योब्स्टकडे वळले. हे कुणी लिहिलं? योब्स्ट खोटं बोलणारा नव्हता. मीच, म्हणाला, निळ्या वहीतून उतरवून घेतलं, पाद्रीबाबा आजाऱ्याला भेटायला गेले होते तेव्हा.

"म्हणजे तक्रार तुझी आणि पुरावाही तुझ्याच हातचा," डॉक्टर म्हणाले. मग तिच्याकडे पाहिलं. "निळी वही होती का?"

"घरात निळी वही नाही, साहेब. तुम्ही बघितलंत."

"आहे का ते नाही विचारलं. होती का विचारलं."

चुलीत काहीतरी तडकलं. पण अपोलोनिया शेवटी कसायाची मुलगी, गिऱ्हाइकाला तोंड देण्यात वाढलेली.

"पाद्र्यांच्या घरात जुन्या प्रवचनांवरच चूल पेटते, साहेब. तुमच्या घरी बाईसाहेब काय करतात?"

कारकुनाला खोकला आला. डॉक्टरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग चुलीकडे, आणि शेवटी जोरात शिंकले. "लिही," ते कारकुनाला म्हणाले, "काही आढळलं नाही." जाताना दारात योब्स्ट थांबला आणि हळूच म्हणाला, "माझ्या फाइटचं कोण बघणार मग?"

पाहुण्यांना पुढच्या गावी जायचं होतं. त्यांना जेवू घालून, घोड्यांना दाणा देऊन ते निघेपर्यंत दिवस कलला. अपोलोनिया खिडकीत बसली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला. वाचलो, ती पोटातल्याला म्हणाली, वाचलो बरं का आपण. मग सावकाश, चैनीनं, तिनं पत्र उघडलं. उरलेल्या चार ओळींत काय असणार? काळजी घे, देव पाठीशी आहे, असलंच काहीतरी. वही नव्हती, पण आता अक्षरं बऱ्यापैकी ओळखीची झाली होती.

वही जळली की ल्युडेकेबरोबर एक शब्द लिहून पाठव, आमेन. तुझ्या हातचा. तोंडी निरोप नको, इथे मधे फार कान आहेत.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग पुढची.

तो शब्द आला की मी सही करणार नाही. गुरुवारी संध्याकाळच्या घंटेपर्यंत आला नाही, तर वही त्यांच्या हाती लागणार असं समजून सही करेन. या थंडीत तुला आणि लेकराला रस्त्यावर काढणार नाही.

ती पुढचं वाचत असतानाच योब्स्टनं घंटा वाजवायला सुरुवात केली. रोजची, संध्याकाळची. शहर सात तासांच्या वाटेवर होतं, आणि तिथेही हीच घंटा आत्ता वाजत होती. अपोलोनिया उठली, खाली बसली, पुन्हा उठली. कुठे पळणार होती? घंटा थांबली तेव्हा ती खोलीच्या मधोमध उभी होती, कागद हातात.

शुक्रवारी फटफटल्यावर ती शाल पांघरून निघाली. चिखल घोट्यापर्यंत. दुपारी पवनचक्कीच्या चढावर तिला तो समोरून येताना दिसला, काठी टेकत, मान खाली. चालण्यावरूनच तिला कळलं.

"मिळाली ना त्यांना?" त्यानं लांबूनच विचारलं.

"जाळली. काल सकाळी. काही नाही सापडलं त्यांना."

तो थांबला. "मग ल्युडेके म्हणाला..."

"मी म्हणाले तसं."

"एक शब्द, अपोलोनिया. चार दिवसांत एक शब्द."

"मला लिहिता येत नाही," ती म्हणाली. "वाचताही येत नव्हतं हाताचं. कधीच. तुमचं पत्र वाचायला मला तीन दिवस लागले. शेवटच्या ओळी काल घंटा होताना वाचल्या." आणि मग ती सगळं बोलली, कुनिगुंडेबाईंची छडी, पिठाचे हात, धूर, ग्रेटा, सगळं, तिथेच चिखलात उभं राहून. त्यानं ओरडावं, काठी आपटावी, असं तिला वाटत होतं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

तो मैलाच्या दगडावर बसला. "तू नेहमी म्हणायचीस, तुम्हीच वाचा," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुला माझा आवाज आवडतो."

"तोही आवडतो."

"मी सही केली. आधी ती कबुली वाचायला लावली त्यांनी मोठ्यानं. मग सही." त्यानं हात चोळले. "या रविवारी गावासमोर वाचायची. आणि पुढे प्रत्येक बाप्तिस्म्याला ते वाक्य. लेंटच्या उपासांत आपलं लेकरू होईल, त्यालाही मीच म्हणायचं. निघ, सैताना."

तिच्या घराला धक्का लागला नव्हता, हेच तर हवं होतं तिला, आणि ते असं मिळालं होतं. आधीच्या बाई असत्या तर, हे तिच्या ओठांवर आलं. तिनं ते म्हटलं नाही, पण त्यानं ओळखलं असावं. त्यानं सरकून दगडावर तिला जागा केली.

ती त्याला खेटून बसली. मग ती म्हणाली, "कसं काढतात ते?"

"काय?"

"आमेन."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग काठीच्या टोकानं चिखलात सावकाश अक्षरं काढली, उजवीकडे झुकणारी. तिनं काठी घेतली. पहिलं अक्षर मोठं झालं, दुसरं त्याच्या अंगावर चढलं, शेवटचं रस्त्याबाहेर गवतात गेलं. तिनं मान वर केली नाही.

तो वाकून पाहत राहिला.

"वाचता आलं असतं मला हे," तो म्हणाला.